गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीची ट्रॉली: स्कोप सोडून बाकीची हत्यारं

आर्थ्रोस्कोपीची (छोट्या चिरेतून दुर्बीण, म्हणजे स्कोप, घालून करायच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेची) केस कॅमेऱ्यामुळे क्वचितच अडते. मॉनिटर, कॅमेरा हेड, लाईट सोर्स यांना सगळेच जपतात, कारण त्यांची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. केस अडते ती कॅन्युलाच्या (स्कोपच्या बाहेरची नळी) गळक्या तोटीपाशी, बोथट बास्केट पंचपाशी (घास घेऊन कापणारी चिमट्यासारखी कात्री), नाहीतर शेव्हरचं (फिरत्या पात्याने कापणारं हत्यार) ब्लेड एका कंपनीचं आणि हँडपीस दुसरीचा निघाला तिथे. पेशंट टेबलावर, टॉर्निकेट (मांडी आवळून रक्त थांबवणारा पट्टा) फुगवलेलं, घड्याळ चालू, आणि ट्रॉलीवर शोधाशोध. पुढची माहिती ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन, स्क्रब सिस्टर आणि नव्याने ऑर्थोपेडिक्सला आलेल्या रेसिडेंटसाठी आहे. ती गुडघ्यापुरतीच आहे. खांद्याला आणि मनगटाला वेगळी हत्यारं लागतात.

ट्रॉलीआधी टॉर्निकेट

मांडीवर कापसाच्या रोलचे दोन वेढे, सुरकुती न पडू देता, आणि त्यावर कफ. पेंटिंग करताना (कातडीला जंतुनाशक लावताना) बीटाडीन किंवा स्पिरिट कफखाली झिरपलं तर कातडी रसायनाने भाजते आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी, म्हणून कफच्या खालच्या कडेला प्लास्टिकची पट्टी चिकटवून घ्या. मोठ्या माणसाच्या मांडीला साधारण २५० ते ३०० मिमी पारा पुरतो. फुगवल्याची वेळ बोर्डवर लिहा. दोन तास ही वरची मर्यादा समजा, ठरलेली वेळ नव्हे. साध्या मेनिसेक्टॉमीत (गुडघ्यातल्या मेनिस्कस या गादीचा फाटका भाग काढताना) पाण्याचा दाब नीट सांभाळला तर बऱ्याचदा टॉर्निकेट फुगवावंही लागत नाही.

लेग होल्डर लावायचा असेल तर कफ त्याच्या आत येतो. होल्डर खाली सरकून गुडघ्याच्या जवळ आला, तर आतल्या बाजूच्या पोर्टलमधून (हत्यार घालायच्या छोट्या चिरेतून) हत्यार फिरवायला जागा उरत नाही. ड्रेपिंग (निर्जंतुक कापडाने झाकणं) झाल्यावर हे सुधारता येत नाही, त्यामुळे आधीच बघून घ्या.

कॅन्युला आणि ऑब्ट्युरेटर

गुडघ्याचा नेहमीचा स्कोप ४ मिमी जाडीचा, ३० अंशांचा. तो ज्या नळीत बसतो ती कॅन्युला साधारण साडेपाच ते सहा मिमी. या दोन्हींमध्ये जी गोल फट उरते, तिच्यातूनच पाणी सांध्यात जातं. कॅन्युला वाकली किंवा फटीत जुनं रक्त सुकून बसलं, तर पंप कितीही वाढवला तरी चित्र गढूळच राहतं.

प्रत्येक केसआधी चार गोष्टी बघा. दोन्ही तोट्या पूर्ण फिरतात का आणि बंद केल्यावर खरंच बंद होतात का? सिरिंजने सलाईन सोडलं की लगेच कळतं. स्कोप कॅन्युलात बसवल्यावर लॉक पक्का लागतो का? एका कंपनीच्या कॅन्युलात दुसरीचा स्कोप बऱ्याचदा बसतच नाही, आणि अर्धवट बसला तर ऐन वेळी निसटतो. ऑब्ट्युरेटरचं (कॅन्युला सांध्यात घालताना तिच्या आत बसवायची बोथट दांडी) गोल टोक कॅन्युलाबाहेर येतं का? शेवटची तपासणी कोणी करत नाही, पण तीच सर्वांत महत्त्वाची: कॅन्युलाच्या टोकाच्या कडेवरून गॉजचा तुकडा हळूच गोल फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे कड उचललेली आहे. तीच कड सांध्यात कूर्चेवर (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) ओरखडा काढते, आणि कूर्चेवरचा ओरखडा भरून येत नाही. अशी कॅन्युला ट्रॉलीवरून काढून दुरुस्तीला द्या.

सेटमध्ये धारदार ट्रोकारही (टोकदार दांडी) असतो. तो वापरायची गरज आता जवळपास पडत नाही. ११ नंबरच्या ब्लेडने कातडी आणि कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) उघडल्यावर बोथट ऑब्ट्युरेटर सहज आत जातो. धारदार ट्रोकार ट्रॉलीच्या मागच्या ओळीत ठेवा, म्हणजे घाईत चुकून हातात दिला जाणार नाही.

हातात देण्याचा क्रम असा: मार्किंग पेन, ११ नंबरचं ब्लेड, आर्टरी फोर्सेप्स, ऑब्ट्युरेटरसकट कॅन्युला. बाहेरच्या बाजूचं अँटेरोलॅटरल पोर्टल आधी करतात. गुडघा वाकवलेला, वाटीच्या खालच्या टोकाच्या पातळीला, पटेलर टेंडनच्या लगत. ब्लेडची धार वरच्या बाजूला ठेवायची. खाली ठेवली तर मेनिस्कसच्या पुढच्या भागावर चीर जाते. ऑब्ट्युरेटर नॉचच्या (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातली मधली खाच) दिशेने आत गेल्यावर गुडघा सरळ करतात आणि कॅन्युला वाटीखालून वर सरकवतात. इथे जोर लागत असेल तर दिशा चुकली आहे. आतल्या बाजूचं दुसरं पोर्टल स्कोपमधून बघत, आधी १८ गेजची स्पायनल सुई घालून जागा ठरवून करतात. म्हणजे ती सुई ट्रॉलीवर असायलाच हवी, आणि ती कपाटात राहून जाण्याचं प्रमाण आश्चर्यकारक आहे.

चीर लहान झाली तर हत्यार काढता-घालताना पाणी कातडीखाली शिरतं. मोठी झाली तर पाणी बाहेर वाहतं आणि सांधा फुगत नाही.

नव्या असिस्टंटसाठी एक गोष्ट: ३० अंशांचा स्कोप सरळ बघत नाही, आणि नेहमीच्या स्कोपमध्ये लाईट केबलचा खांब ज्या बाजूला असतो त्याच्या उलट बाजूला तो बघतो. खांब वर तर नजर खाली. कॅमेरा हेड सरळ धरून फक्त खांब फिरवायचा. दोन्ही एकत्र फिरवले की मॉनिटरवर क्षितिज कलंडतं आणि सर्जनचा हात चुकतो.

पाणी

नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट, तीन लिटरच्या पिशव्या, दोन पिशव्यांना वाय-सेट (दोन तोंडांची नळी). एक संपत आली की दुसरी उघडायची. पिशवी पूर्ण रिकामी होऊ दिली की नळीत हवा शिरते, सांध्यात बुडबुडे येतात आणि वाटीखालचा सगळा भाग चांदीसारखा चमकून दिसेनासा होतो.

युरॉलॉजीचं ग्लायसीनचं द्रावणही तीन लिटरच्याच पिशवीत येतं आणि एका ओटीत दोन्ही एकाच रॅकवर असतात. ग्लायसीनमधून वीज वाहत नाही, त्यामुळे बायपोलर आरएफ वाँड (विजेने पेशी जाळणारी कांडी) चालत नाही. मग मशीन बिघडलं म्हणून अर्धा तास जातो आणि चूक पिशवीवर लिहिलेली असते. लेबल मोठ्याने वाचून मगच पिशवी टांगा.

पंप नसेल तर उंचीवर काम करा. सांध्यापासून एक मीटर उंच पिशवी म्हणजे सुमारे ७४ मिमी पारा दाब. दर १० सेंटिमीटरला ७ ते साडेसात. पंप असेल तर गुडघ्याला ४० ते ६० मिमीपासून सुरुवात करतात.

चित्र लाल झालं की सगळे ओरडतात, "प्रेशर वाढव!" आधी बाहेरची वाट तपासा. शेव्हरचं सक्शन उघडं राहिलं असेल, आउटफ्लोची (पाणी बाहेर जायची) तोटी पूर्ण सुटलेली असेल, तर सांध्यातला दाब पडतो आणि बारीक रक्तवाहिन्या वाहू लागतात. सक्शन बंद करा, तोटी अर्धी फिरवा, अर्धा मिनिट थांबा. बहुतेक वेळा एवढ्याने पाणी निवळतं. नाही निवळलं तर दाब थोडा वाढवा आणि काम झाल्यावर तो आठवणीने खाली आणा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी ड्रेपवरून पोटरी आणि मांडी चाचपायची सवय ठेवा. मऊ असलेली पोटरी ताठ लागायला लागली तर कॅप्सूल फाटून पाणी बाहेर जात आहे. आधी पंप बंद, मग सर्जनला सांगणं. फ्रॅक्चरसोबत किंवा ताज्या लिगामेंट इजेत हा धोका जास्त, म्हणून तिथे पंपापेक्षा टांगलेली पिशवी बरी.

फरशीवर सांडणाऱ्या पाण्यासाठी मामांना (वॉर्डबॉयना) आधीच सांगून ठेवा. पायाचे पेडल प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

प्रोब

ट्रॉलीवरचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचं हत्यार. टोकाला काटकोनात वळलेला छोटा हूक, लांबी साधारण ३ ते ४ मिमी. तुमच्या प्रोबचा हूक नेमका किती मिमीचा आहे हे पट्टीने मोजून सेटच्या यादीत लिहून ठेवा. कूर्चेवरचा खड्डा केवढा, फाट किती लांब, हे मॉनिटरवर नुसतं बघून सांगता येत नाही. स्कोप जवळ नेला की सगळंच मोठं दिसतं. हूक शेजारी ठेवला की माप मिळतं.

प्रोबने मेनिस्कस उचलून खालची फाट बघतात, एसीएल (गुडघ्यातलं एक लिगामेंट) ओढून ताण तपासतात, कूर्चा दाबून मऊपणा बघतात. फिमर आणि टिबिया (मांडीचं आणि नडगीचं हाड) एकमेकांपासून लांब करण्यासाठी तो नाही. त्यासाठी पाय बाहेरच्या बाजूला ताणायचा असतो. तरफ म्हणून वापरलेला प्रोब मानेशी वाकतो, मग कोणीतरी पक्कडीने सरळ करतं, आणि पुढच्या एखाद्या केसमध्ये तो तिथेच तुटतो. वाकलेला प्रोब टाकून द्या. नवा फार महाग नसतो.

बास्केट पंच आणि ग्रास्पर

टोकियोत केन्जी ताकागी यांनी १९१८ साली सिस्टोस्कोपने मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. मासाकी वातानाबे यांनी स्कोपमधून बघत फाटक्या मेनिस्कसचा तुकडा काढला तो १९६२ साली. बघण्यापासून कापण्यापर्यंत ४४ वर्षं गेली. त्या छोट्या पोर्टलमधून शिरेल, आत उघडेल आणि नेमकं तेवढंच कापेल असं हत्यार लागतं, आणि आज ते काम मुख्यतः बास्केट पंच करतो.

बास्केटचा खालचा जबडा पोकळ असतो, त्यामुळे कापलेला तुकडा त्यातून खाली सांध्यात पडतो आणि हत्यार बाहेर न काढता पुढचा घास घेता येतो. तुकडे नंतर शेव्हर किंवा सक्शनने काढायचे. सेटमध्ये निदान चार हवेत: सरळ, टोक वर वळलेला, डावा आणि उजवा. आतल्या मेनिस्कसच्या मागच्या शिंगासाठी (टोकासाठी) वर वळलेला लागतो. फिमरच्या गोलाईखालून सरळ पंच नेला तर तो कूर्चेवर घासत जातो. पुढच्या शिंगासाठी मागे कापणारा किंवा ९० अंशांचा पंच नसेल तर सर्जन पोर्टल बदलतो आणि वेळ वाढतो. डाव्या-उजव्यांच्या मुठीवर वेगवेगळ्या रंगाची स्टेराईल मार्किंग टेप लावली तर मागितल्या क्षणी हातात देता येतो.

धार तपासायची ती सेट पॅक करण्याआधी. पातळ कागदाचा एक घास घ्या. भोक स्वच्छ, कडा तुटक नाहीत, तर पंच चांगला. कागद जबड्यात दुमडला किंवा फाटून ओढला गेला, तर मेनिस्कसचंही तेच होणार: कापण्याऐवजी चावलं जातं, सर्जन ओढतो, आणि फाट वाढते. मग जबड्याची पिन बघा. जबडा बोटाने हलकेच बाजूला ढकलून डुगडुगतो का? डुगडुगणारा पंच आत तुटणारच.

तुटण्याची कारणं ठरलेली आहेत. हाड किंवा स्क्रू चावणं, एकाच घासात जाड तुकडा घेणं, जबडा बंद असताना मूठ पिरगाळणं. मुठीला जोर लागला की घास लहान करायचा. बाहेर काढताना जबडा बंद आणि नजरेत हवा. उघडा जबडा पोर्टलच्या चरबीत अडकतो.

ग्रास्पर (पकडायचा चिमटा) दातेरी आणि रॅचेटवाला (पकड अडकवून ठेवणारा) घ्या. सुट्ट्या तुकड्यासाठी, म्हणजे लूज बॉडीसाठी, आधी इनफ्लो (आत येणारं पाणी) बंद करा आणि सक्शनही बंद. पाणी वाहतं तोवर तुकडा पुढे पळतो. पळतच राहिला तर बाहेरून एक सुई टोचून जागेवर अडवा. लांबट बाजूने धरा. पोर्टल आधी वाढवा, मग ओढा. उलट केलं की तुकडा कातडीच्या आत चरबीत सुटतो आणि तिथे स्कोपने काही दिसत नाही.

शेव्हर

बाहेरची नळी, तिला टोकाशी खिडकी. आत फिरणारी दुसरी नळी. सक्शन पेशी खिडकीत ओढतं, आतली नळी त्या कापते. दोन्हींपैकी एक नसेल तर शेव्हर नुसता आवाज करतो. त्यामुळे "कापत नाही" अशी तक्रार आली की धारेकडे जाण्याआधी सक्शनचा डबा भरलाय का, नळी ट्रॉलीच्या चाकाखाली आलीय का, हँडपीसवरचा लिव्हर बंद आहे का, हे बघा.

मोठ्या माणसाच्या गुडघ्याला साधारण ४ ते ५.५ मिमीचं ब्लेड, अरुंद जागेत ३.५. मऊ भागासाठी ऑसिलेट मोड (आलटून-पालटून दोन्ही दिशांना फिरणं), मिनिटाला सुमारे १५०० ते ३००० फेरे. सायनोव्हियमसाठी (सांध्याचं आतलं अस्तर) वेग वाढवायचा मोह होतो, पण वेग कमी असताना खिडकी जास्त वेळ उघडी राहते आणि पेशी जास्त आत येते. हाड घासायच्या बरला मात्र एकाच दिशेने जास्त वेग, ६००० च्या पुढे. बर पोर्टलमधून आत-बाहेर करताना पेडलवर पाय नको.

ब्लेड तुंबलं तर पेडल सोडा, बाहेर काढा, आतली नळी वेगळी करा, सलाईनच्या सिरिंजने दोन्ही नळ्या पुढून मागे धुवा, हँडपीसच्या सक्शन मार्गातूनही पाणी सोडा. खिडकीत सुई खुपसून साफ करू नका, धार जाते. कोरडं ब्लेड चालवून बघू नका, वाटीतल्या पाण्यात बुडवून बघा.

पडद्यावर चंदेरी चकाकणारे कण दिसले तर ब्लेडवर आडवा जोर पडतोय आणि आतली नळी बाहेरच्या नळीला घासतेय. लगेच थांबा, ब्लेड बदला, सांधा भरपूर पाण्याने धुवा.

पाकिटावर एकदाच वापरायचं असं छापलेलं ब्लेड धुऊन पुन्हा ट्रॉलीवर येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पैसे वाचतात हेही खरं. पण आतल्या नळीतला चिकटलेला भाग ब्रशने निघत नाही, आणि बोथट ब्लेड ओढतं, कापत नाही. ही काटकसर आम्हाला मान्य नाही.

आरएफ वाँड असेल तर टोक पूर्ण पाण्यात आणि पाणी वाहतं हवं. साचलेल्या पाण्यात तापमान झपाट्याने चढतं, आणि ५० अंशांच्या आसपास कूर्चेच्या पेशी मरू लागतात. एका जागी धरून ठेवू नका. आउटफ्लोचं गरम पाणी पेशंटच्या कातडीवर ठिबकणार नाही अशी नळी ठेवा.

एसीएल असेल तर

फाटलेल्या एसीएलच्या जागी टेंडनचा ग्राफ्ट बसवायचा असेल तर वेगळी ट्रॉली लावा. टेंडन स्ट्रिपर, ग्राफ्ट बोर्ड, अर्ध्या मिमीच्या फरकाने मापनळ्या, टिबियल गाईड (बहुधा ५५ अंशांच्या आसपास लावतात), फिमरचा ऑफसेट एमर (बोगद्याची जागा ठरवणारा), डोळा असलेली २.४ मिमीची बीथ पिन, कॅन्युलेटेड रीमर (वायरवरून जाणारं पोकळ ड्रिल), ग्राफ्ट अडकवायच्या बटणाचं ४.५ मिमीचं ड्रिल, डेप्थ गेज, आणि स्क्रूसाठी निटिनॉल (लवचीक मिश्रधातू) वायर. मापनळीत ग्राफ्ट सहज सरकला तर ते माप मोठं. थोडा अडकत जाईल तेच खरं. रीमर वायरवर वाकडा गेला की वायर कापली जाते, म्हणून दर वापरानंतर वायरची लांबी बघा. ग्राफ्ट ओल्या गॉजमध्ये, झाकलेल्या वाटीत, आणि वाटीवर ठळक "ग्राफ्ट". व्हँकोमायसिनमध्ये भिजवायचा असेल तर ५०० मिग्रॅ, १०० मिली सलाईनमध्ये.

आत तुकडा तुटला तर

हलू नका. इनफ्लो, आउटफ्लो, सक्शन तिन्ही बंद, कारण पाण्याच्या प्रवाहाबरोबर तुकडा मागच्या कप्प्यात जातो. स्कोप तुकड्यावरच धरून ठेवा, पायाची स्थिती बदलू नका. दुसऱ्या पोर्टलमधून ग्रास्पर, किंवा स्टीलचा तुकडा असेल तर मॅग्नेट. निटिनॉल मॅग्नेटला चिकटत नाही. दिसेनासा झाला तर सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र). निघालेला तुकडा उरलेल्या हत्याराला जोडून पूर्ण भरतो का बघा, मगच टाके. नोंद ऑपरेशन नोट्समध्ये जायलाच हवी.

धुणं आणि स्टेरिलायझेशन

हत्यारं सलाईनमध्ये भिजत ठेवू नका. क्लोराइडमुळे स्टीलला खड्डे पडतात, आणि ते सुरू होतात नेमके पंचच्या पिनपाशी. केस संपताच साध्या पाण्याने, मग एन्झाइमच्या द्रावणात बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतं, जबडे उघडे, तोट्या सुट्या. कॅन्युलात ब्रश एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं. अल्ट्रासोनिकमध्ये पंच, ग्रास्पर चालतात. स्कोप आणि कॅमेरा हेड कधीही नाही. वाळवून सांध्यांना पाण्यात मिसळणारं वैद्यकीय तेल. शिलाई मशीनचं तेल लावलं तर वाफ आत पोचत नाही.

मग प्री-व्हॅक्यूम ऑटोक्लेव्ह (आधी हवा ओढून घेऊन वाफ सोडणारा), १३४ अंशांना निदान ३ ते ४ मिनिटं आणि वर पूर्ण सुकवणं. नळ्यांतली हवा साध्या ग्रॅव्हिटी सायकलमध्ये नीट निघत नाही. स्कोपवर "ऑटोक्लेव्हेबल" छापलं नसेल तर प्लाझ्मा किंवा ईटीओ (दोन्ही वाफेशिवायच्या पद्धती). प्लाझ्मात ओलं हत्यार किंवा सुती कापड गेलं की सायकल रद्द होते.

दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवलं म्हणजे स्टेराईल झालं, हा समज अजून गेलेला नाही. वीस मिनिटांत होतं ते निर्जंतुकीकरणाच्या खालच्या पायरीचं काम. बीजाणू मारायला त्याला दहा तास लागतात. दोन केसमध्ये वीस मिनिटं मिळतात म्हणून ही पद्धत टिकली आहे. त्याऐवजी पंच, प्रोब, ग्रास्पर आणि कॅन्युला यांचा दुसरा सेट घ्या; स्कोपपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

लाईट केबल महिन्यातून एकदा तपासा. एक टोक खिडकीच्या उजेडाकडे धरून दुसरं बघा: काळे ठिपके म्हणजे तुटलेले तंतू. पाव भाग काळा झाला की केबल बदला, नाहीतर अंधूक चित्राचा दोष कॅमेऱ्यावर जातो. गुंडाळताना वेटोळं तळहातापेक्षा मोठं ठेवा, गाठ नको. आणि चालू लाईटचं सुटं टोक ड्रेपवर टेकवू नका, मिनिटाभरात कापड जळतं.